मधली पाच वर्षं

आम्रपालीला नोकरी हवी होती, पण पगारासाठी नव्हे. अभय खडकीच्या दारूगोळा कारखान्यात मशीनवर होता, क्वार्टर कारखान्याचं होतं आणि दोघांच्या संसाराला त्याचा पगार पुरत होता. तिला अशी एक जागा हवी होती, जिथं तिच्याबद्दल कोणाला काही माहीत नसेल.

क्वार्टर्समध्ये सगळ्यांना माहीत होतं. त्यांचा मुलगा बुद्धभूषण, घरातला भूषण, पाच वर्षांचा असताना त्याला रक्ताचा कर्करोग निघाला आणि आठवा वाढदिवस झाल्यावर थोड्याच दिवसांत तो गेला. त्याला आता दोन वर्षं होऊन गेली होती. तरी आम्रपाली जिना उतरू लागली की खाली बोलत उभ्या असलेल्या बायका आवाज खाली घेत. कोणाच्या मुलाचा वाढदिवस असला की बोलावणं सगळ्या मजल्यांवर जाई, तिच्या दाराशी मात्र कोणी येत नसे. यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता, हे तिला कळत होतं. म्हणून तर रागावताही येत नव्हतं.

"मी परत नोकरी बघते," एका रविवारी ती अभयला म्हणाली.

अभय खिडकीची जाळी बसवत होता. "बघ," तो म्हणाला. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "हिंजवडीलाच?"

"मिळेल तिथं."

आजारपणाच्या आधी ती हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत चौदा वर्षं होती. टेस्टिंग हे तिचं काम. दुसऱ्यांनी लिहिलेला प्रोग्राम कुठं कुठं मोडतो ते शोधून काढायचं. हाताखाली नऊजणांची टीम होती. भूषणचं निदान झालं त्या महिन्यात तिनं राजीनामा दिला. साहेबांनी, बिनपगारी रजा घे, मग बघू, असं सुचवलं होतं. पण तेव्हा तिला 'मग' हा शब्दच ऐकवत नव्हता.

तिनं जुना लॅपटॉप उघडला. त्यात तिचे सगळे रिझ्युमे होते. अगदी पहिला, कॉलेजात कंपन्या यायच्या तेव्हाचा, तिनं सहज उघडून पाहिला. तेव्हा त्याला घरात बायोडाटाच म्हणत. वर कोपऱ्यात पासपोर्ट फोटो, केस चापून बसवलेले. वडिलांचं नाव, त्यांची नोकरी, आईचं नाव, भावंडं किती. जन्मतारीख, धर्म, वैवाहिक स्थिती. छंद : वाचन, रांगोळी, जुनी गाणी ऐकणे. गुण : मेहनती, प्रामाणिक, सर्वांशी मिळून मिसळून वागणारी. शेवटी, वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे, ठिकाण पुणे, आणि सही. एवढं सगळं सांगितल्याशिवाय कोणी आपल्याला नोकरी देणार नाही, असं तेव्हा तिला वाटलं होतं. आज त्यातलं कुटुंबाचं कलम भरायला लागलं असतं तर काय भरलं असतं, हा विचार आला तशी तिनं ती फाइल बंद केली.

शेवटच्या रिझ्युमेत तिनं एकच ओळ वाढवली. २०२० ते २०२५, कौटुंबिक कारणास्तव कामात खंड. आणि तो पाठवायला सुरुवात केली.

पावसाळा संपला, दसरा झाला. बहुतेक ठिकाणांहून काहीच आलं नाही. जिथून आलं तिथून एकसारखं आलं. आपली माहिती आम्ही जपून ठेवू, योग्य जागा निघाल्यास कळवू. एका मेलला तो पोचल्याच्या मिनिटालाच उत्तर आलं. कोणी वाचून नकार दिला असता तर त्याला याहून जास्त वेळ लागला असता, असं तिच्या मनात आलं.

शेवटी तिनं राजनंदिनीला फोन केला. राजनंदिनी जुन्या कंपनीत मनुष्यबळ खात्यात होती. आता वाकडला घरूनच लोकांचे रिझ्युमे करून द्यायची आणि त्यात तिचं बरं चाललं होतं. भूषण गेला तेव्हा ती येऊन बसून गेली होती. ती सांत्वनाचं एक वाक्यही बोलली नव्हती, भांडी घासून गेली होती. आम्रपालीला ते लक्षात होतं.

आम्रपाली तिच्या घरी गेली तेव्हा राजनंदिनीनं रिझ्युमे स्क्रीनवर घेतला आणि वाचता वाचता खोडायला लागली.

"फोटो काढला. जन्मतारीख कशाला? पत्रिका जुळवायचीय? पत्ता नको, नुसतं पुणे पुरे. खडकीतून येणार म्हणजे उशीर करणार, असं कोणाच्या मनात यायला नको. पहिल्या चार वर्षांचं काम काढते."

"ते का? तिथंच मी सगळं शिकले."

"शिकलीस ना, मग झालं. त्यावरून वय मोजतात." ती आणखी खाली गेली. "इंजिनिअरिंग कधी झालं तेही काढते. नुसती डिग्री राहू दे."

"मग राहतं काय?"

"शब्द. त्यांच्या जाहिरातीत जे शब्द आहेत ते तुझ्या कागदात दिसले पाहिजेत. हे आधी माणूस वाचत नाही गं. मशीन वाचतं. मशीननं पुढं ढकललं तर माणसाकडे जातं, आणि तोही चहा पिता पिता बघतो." मग ती थांबली. त्या एका ओळीवर कर्सर नुसता लुकलुकत राहिला. "तुझं सगळं इथं अडतंय. दोन वर्षांपेक्षा मोठी गॅप दिसली की बाजूला."

"खरं कारण लिहू का?"

"लिही की. वाचणारा हळहळेल आणि पुढचा रिझ्युमे उघडेल."

हे ती कडवटपणे म्हणाली, पण रोख आम्रपालीवर नव्हता. मग खुर्ची वळवून तिनं सरळ विचारलं, "या काळात काहीच केलं नाहीस? कोणाला थोडी मदत, एखादं लहान काम?"

"मी हॉस्पिटलमध्ये होते, राजू."

"तेच म्हणते मी. बाणेरला एका कंपनीत जागा आहे, हॉस्पिटलांचं सॉफ्टवेअर करतात. आपण लिहू, पाच वर्षं स्वतंत्रपणे काम केलं, आरोग्य क्षेत्रातल्या एका लहान कंपनीसाठी टेस्टिंग. सगळे लिहितात. ज्याला काही नसतं तो कन्सल्टंट असतो."

आम्रपालीनं नाही म्हणायला हवं होतं. पण तिला नाही म्हणावंसं वाटलंच नाही. उलट ती ओळ टाइप होताना तिला हलकं वाटलं. त्या कागदावरच्या बाईच्या बाबतीत काहीच घडलेलं नव्हतं. ती गेली पाच वर्षं काम करत होती, बिलं पाठवत होती, संध्याकाळी लॅपटॉप मिटून स्वयंपाकाला लागत होती. दिवसातले आठ तास ती बाई होऊन राहायला मिळालं, तर आम्रपालीला तेवढंच पुरलं असतं.

अभयनं तो रिझ्युमे वाचला तो योगायोगानं. विजेचं बिल भरायला त्यानं लॅपटॉप उघडला होता. आम्रपाली बाहेर आली तेव्हा तो स्क्रीनकडे बघत बसला होता.

"हे तू लिहिलंस?"

"राजनंदिनीनं."

"दोन हजार वीसपासून तू काम करतेयस."

"त्याशिवाय कोणी बोलावत नाही, अभय. सहा महिने बघतेय मी."

त्यानं मान हलवली. तो मोठ्यानं बोलणारा माणूस नव्हता. "मी रजा घेतल्या तेव्हा," तो म्हणाला, "आधी साठलेली रजा गेली, मग अर्ध्या पगाराची, मग बिनपगारी. माझ्या सर्व्हिस बुकात प्रत्येक रजेपुढं कारण आहे. मुलाचे आजारपण. आमच्या ऑफिसातला तो कारकून मला कधी आवडला नाही, पण त्यानं दर वेळी ते नीट लिहिलंय. उद्या मी रिटायर होईन तरी ते तिथं राहील."

"तुझी सरकारी नोकरी आहे."

"हो."

"माझं कोणी लिहून ठेवलेलं नाही."

"म्हणून तू असं लिहिलंस?"

बिल न भरताच त्यानं लॅपटॉप मिटला आणि दुसऱ्या पाळीला जायचं म्हणून डबा मागितला. त्यानंतर दोघांमध्ये तो विषय निघाला नाही. तसे त्यांच्यात बरेच विषय निघत नसत. भूषण आजारी होता तो काळ साथीचा होता. वॉर्डात एका वेळी एकच पालक चालायचा. दिवसा ती, रात्री अभय. हॉस्पिटलच्या फाटकाशी पिशवी आणि औषधांची चिठ्ठी एकमेकांच्या हातात द्यायची, ताप किती, उलटी झाली का, एवढंच बोलायचं. बोलण्याची ती सवय पुढंही तशीच राहिली.

नव्या रिझ्युमेला आठवड्याच्या आत फोन आला.

मुलाखत घेणाऱ्याचं नाव आमोद. तिशी नुकतीच ओलांडलेला, सभ्य, स्वतःच उठून पाणी आणून देणारा. काचेच्या खोलीत दोघंच होते. तांत्रिक प्रश्न तिला जड गेले नाहीत. गेल्या महिन्यात तिनं नवीन सगळं घोकलं होतं. मग त्यानं कागद पुढं ओढला.

"मॅम, हे हॉस्पिटलचं काम मला इंटरेस्टिंग वाटतं. आमच्याकडे टेस्टर खूप येतात, पण हॉस्पिटल आतून पाहिलेलं कोणी नसतं. नेमकं काय टेस्ट करत होतात?"

तिनं राजनंदिनीबरोबर पाठ केलेली दोन वाक्यं म्हटली. आमोद ऐकत राहिला, त्याला आणखी हवं होतं. आणि ती बोलू लागली.

ती म्हणाली की रक्ताचा रिपोर्ट सिस्टिममध्ये येतो, पण वॉर्डात तो आल्याचं कोणाला कळत नाही, कारण सिस्टरच्या स्क्रीनवर तो पान उघडल्याशिवाय दिसत नाही. तोवर पालक दर थोड्या वेळानं काउंटरवर जाऊन विचारत राहतात आणि काउंटरवरचा माणूस त्यांच्यावर चिडतो. लहान मुलांचं वजन दर आठवड्याला बदलतं, औषधाचा डोस वजनावर असतो, पण सॉफ्टवेअर भरतीच्या दिवशीचंच वजन पुढं धरून चालतं. एकदा एकाच नावाची दोन मुलं शेजारच्या खाटांवर आली होती, तेव्हा प्लेटलेटची पिशवी चुकीच्या खाटेपाशी पोचली. आईनं पिशवीवरचा नंबर वाचला म्हणून टळलं.

"आईनं?" आमोदनं विचारलं.

"पेशंटच्या आईनं," आम्रपाली म्हणाली.

"हे तुम्ही क्लायंटला रिपोर्ट केलंत?"

"केलं. त्यांनी दुसऱ्या दिवसापासून पिशवीवर खाटेचा नंबरही घालायला सुरुवात केली. हातानं, मार्करनं."

आमोद लिहून घेत होता. त्यानं डोकं वर केलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर खरंखुरं कौतुक होतं. "हे कोणत्याच डॉक्युमेंटमध्ये मिळत नाही, मॅम," तो म्हणाला.

ती खाली येऊन रस्त्यापलीकडच्या बसथांब्यावर बसली. दोन बस सोडल्या. मुलाखत चांगली झाली होती. आपण सांगितलं त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं, आणि तरी आपण भूषणला त्या खोलीत नेऊन त्याच्यावर चादर घालून आलो, असं काहीतरी तिला वाटत राहिलं.

चारच दिवसांत मेल आला. जागा, पगार, रुजू होण्याची तारीख. आणि खाली एक परिच्छेद. आमच्या वतीनं एक संस्था आपल्या माहितीची पडताळणी करील, त्यासाठी २०२० ते २०२५ या काळातल्या कामाचं संबंधित कंपनीच्या लेटरहेडवरचं पत्र आणि संपर्कासाठी एका व्यक्तीचं नाव द्यावं.

तिनं ते राजनंदिनीला वाचून दाखवलं.

"एवढंच ना?" राजनंदिनी म्हणाली. "माझ्या मावसभावाची एक नावापुरती कंपनी आहेच. तो पत्र देईल, फोन आला तर हो म्हणेल. तुला काय काय काम दिलं होतं ते तेवढं त्याला लिहून पाठव."

"मी कळवते."

"कळवायचं काय त्यात? गुरुवारपर्यंत द्यायचंय."

दुसऱ्या दिवशी आम्रपाली वारज्याला वडिलांकडे गेली. संभाजीराव जिल्हा परिषदेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. पत्नी वारल्यापासून एकटेच राहायचे आणि स्वतःचा चहा स्वतःच करायचे. मुलीच्या चेहऱ्यावरून त्यांनी काही विचारलं नाही, आधण मात्र वाढवलं. तिनं सगळं सांगितलं. मावसभावाच्या पत्राचंही.

"पप्पा, तुमच्या वेळी असं नव्हतं ना?"

"आमच्या वेळी?" ते थोडे हसले. "आमच्या वेळी अर्जासोबत चारित्र्याचा दाखला लागायचा. दोन प्रतिष्ठित माणसांचा, नात्यातली नकोत. आमच्या वस्तीत प्रतिष्ठित कोण? सगळे गिरणीत नाहीतर नगरपालिकेत झाडूवर. मास्तरांच्या घरी मी तीन खेपा घातल्या. तिसऱ्या खेपेला त्यांनी ओसरीवर उभं करून सही दिली." ते चहा गाळू लागले. "धर्माच्या रकान्यात मी बौद्ध लिहिलं होतं. टेबलावरचा कारकून म्हणाला, ते असू द्या, आधीचं काय ते लिहा. मी म्हटलं, आधीचं माझ्या वडिलांनी सोडलं, माझ्याकडे नाही. त्यानं अर्ज बाजूला ठेवला. त्या भरतीत माझं नाव लागलं नाही. पुढच्या भरतीत लागलं."

"म्हणजे मी खरं सांगावं, असं तुमचं म्हणणं?"

"माझं म्हणणं काही नाही. मला तेव्हा वडील होते, लग्न झालेलं नव्हतं, एक वर्ष थांबता आलं. तुझं तुला माहीत." त्यांनी कप तिच्यापुढं ठेवला. "मुलाखतीत जे बोललीस ते खरं होतं?"

"सगळं."

"मग खोटं काय?"

"मी तिथं कशासाठी होते ते."

संभाजीरावांनी गाळणं विसळून जागेवर ठेवलं. खाली कोणीतरी गाडी लावताना हॉर्न वाजवत होतं.

"पत्र आण किंवा आणू नकोस," ते म्हणाले. "पण आणलंस तर एक कर. तो पत्र देणारा माणूस, ती कंपनी, तिथं तू काय करत होतीस, हे सगळं नीट पाठ करून ठेव. तिथली माणसं चांगली निघतील. डबा खाता खाता विचारतील. तेव्हा चुकून चालायचं नाही. भूषणचं नाव कधी तोंडातून यायला नको."

हे ते समजावणीच्या सुरात बोलले नव्हते, पण खडकीच्या बसमध्ये ती तेवढंच ऐकत होती. जिथं कोणाला काही माहीत नाही अशी जागा तिनं शोधली होती. ती मिळाली तर तिथं तिला रोज पहारा करावा लागणार होता.

गुरुवारी सकाळी अभय कामावर गेल्यावर तिनं मेल लिहिला. थोडक्यात लिहिला. त्या पाच वर्षांत मी कोणत्याही कंपनीसाठी काम केलेलं नाही. माझ्या मुलाला कर्करोग होता. तीन वर्षं मी त्याच्याबरोबर हॉस्पिटलमध्ये होते. तो गेल्यानंतर मी घरीच होते. मुलाखतीत हॉस्पिटलबद्दल मी जे सांगितलं ते मी स्वतः पाहिलेलं आहे. रिझ्युमेतली ओळ चुकीची आहे, त्याबद्दल क्षमस्व. अजूनही माझा विचार होऊ शकला तर मला काम करायला आवडेल. शेवटचं वाक्य तिनं एकदा खोडलं आणि परत लिहिलं.

उत्तर सोमवारी आलं. चुकीची माहिती दिल्याचं आढळल्यामुळे नियुक्तीचा प्रस्ताव मागं घेण्यात येत आहे. खाली सही कोणाचीच नव्हती, खात्याचं नाव होतं.

दुपारी आमोदचा फोन आला. तो ऑफिसच्या बाहेर येऊन बोलत असावा, मागं रस्त्याचा आवाज होता.

"मॅम, मी माझ्या बाजूनं प्रयत्न केला. पण पॉलिसी आहे. एकदा रिझ्युमेत खोटं निघालं की वरून कोणी ऐकत नाही."

"बरोबर आहे त्यांचं."

"तुमच्या मुलाचं ऐकून… मला खरंच वाईट वाटलं." तो अडखळला. "तुम्ही मला मुलाखतीतच सांगितलं असतं तर मी काहीतरी केलं असतं. मला तुम्ही हव्या होतात टीममध्ये."

"एक विचारू?" ती म्हणाली. "मी पहिल्यापासून खरं लिहिलं असतं, तर माझा रिझ्युमे तुमच्यापर्यंत आला असता?"

सभ्य मुलगा होता, खोटं बोलणं त्याला जमलं नाही.

"नसता आला," तो म्हणाला. "गॅपचा फिल्टर आहे. मीच लावलाय. अर्ज फार येतात, मॅम."

तिनं त्याचे आभार मानले आणि फोन ठेवला. राजनंदिनीला कळवलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "पत्र तयार होतं गं." आणि जरा थांबून, "जाऊ दे. परत बघू."

काम तिला पुढं मिळालं, पण फेब्रुवारी उजाडला, आणि ते तिच्या जुन्या हुद्द्याच्या पुष्कळ खालचं होतं. कर्वेनगरला हार्डवेअरच्या दुकानांसाठी बिलांचा प्रोग्राम करणारी सातआठ माणसांची कंपनी. मालकानं रिझ्युमे उघडलासुद्धा नाही. दहाला येता येईल का आणि शनिवारी चालेल का, एवढं विचारलं. पगार कॉलेजातून निघाल्यावर पहिल्यांदा मिळाला होता त्याच्या जवळपास. बिलावर कर बरोबर लागतो की नाही हे ती दिवसभर तपासत बसते. काम कंटाळवाणं आहे. तिची तक्रार नाही, आनंदही नाही.

पण त्या सोमवारी यातलं काही माहीत नव्हतं. अभय पहिली पाळी करून घरी आला तेव्हा ती स्वयंपाकघरात ओट्याशी उभी होती आणि ओट्यावर काहीच मांडलेलं नव्हतं. तिनं त्याला मेल वाचून दाखवला. स्वतः लिहिलेलाही दाखवला. तो त्यानं दोनदा वाचला.

"गेली नोकरी," ती म्हणाली.

"हं." तो स्टुलावर बसला. अंगाला अजून कारखान्याच्या तेलाचा वास होता. "मुलाखतीत काय सांगितलं होतंस? हॉस्पिटलचं?"

तिनं सांगितलं. रिपोर्टचं, वजनाचं, प्लेटलेटच्या पिशवीचं. सांगता सांगता तिच्या लक्षात आलं की पिशवीची गोष्ट त्याला ठाऊकच नव्हती. तो एकटक बघत होता.

"हे मला का नाही सांगितलंस?"

"फाटकाशी कसं सांगणार? तू घाबरला असतास. मग राहूनच गेलं."

अभयनं तोंडावरून हात फिरवला. मग तो बोलू लागला, तिच्याकडे न बघता.

"रात्री गोळ्या घेताना तो इन्स्पेक्टर व्हायचा. मी कारखान्यात काय करतो असं त्यानं एकदा विचारलं, तर मी सांगितलं की आमचा माल एक साहेब तपासतो. पास करतो नाहीतर परत पाठवतो. तेव्हापासून सगळ्या गोळ्या माझ्या तळहातावर ओळीनं मांडायला लावायचा. एकेक बघायचा. पास, पास. ती पिवळी कडू असायची ना, ती रोज रिजेक्ट. मग मी हात जोडायचे, साहेब, एवढी घ्या, नाहीतर माझा पगार कापतील. फार मस्का मारला की घ्यायचा. सिस्टर हसायच्या."

आम्रपाली ओट्याला टेकली. दिवसा तिनं दिलेल्या गोळ्या भूषण मुकाट्यानं गिळायचा, डोळे मिटून, एकामागून एक. किती शहाणा आहे, असं ती सगळ्यांना सांगायची. तिच्याशी तो कधी खेळला नव्हता. ते तिला लागलं. फार लागलं. तिच्या आठवणीत नव्हता असा एक भूषण अभयकडे होता, आणि तो इतके दिवस त्यानं कोणाला दाखवला नव्हता.

"माझ्याजवळ त्यानं असं कधी केलं नाही," ती म्हणाली.

"तू दमलेली असायचीस. त्याला कळायचं."

तिनं पदरानं डोळे पुसले. बाहेर जिन्यात कोणाची तरी मुलं धावत खाली गेली.

"आणखी सांग," ती म्हणाली.

अभयनं आठवून पाहिलं. मग तो एका तापाच्या रात्रीचं सांगू लागला, आणि ती खाली फरशीवर त्याच्या समोर बसली. त्या दिवशी त्यांच्याकडे चूल उशिरा पेटली.